ब्रिटनमध्ये मधुमेह आणि ड्रायव्हिंग: डीव्हीएलएला काय कळवायचं, विमा कंपनीला काय सांगायचं

मधुमेह निघाला म्हणून ब्रिटनमध्ये लायसन्स जात नाही. प्रत्येक मधुमेहीने डीव्हीएलएला, म्हणजे लायसन्स देणाऱ्या सरकारी संस्थेला, कळवलंच पाहिजे असंही नाही. सगळं ठरतं ते तुम्ही कोणतं औषध घेता, शुगर अचानक खाली जाते का आणि तुम्ही कोणती गाडी चालवता यावर. आपल्या लोकांत मात्र दोन टोकं दिसतात. कोणी डॉक्टरांच्या तोंडून ‘डायबेटिस’ ऐकल्याबरोबर घाबरून गाडीच बंद करतो. कोणी वर्षानुवर्षं इन्शुलिन घेतो आणि ‘कशाला उगाच सांगायचं, लायसन्स काढून घेतील’ म्हणून गप्प बसतो. दुसरी सवय जास्त महाग पडते.

गोंधळाचं मूळ भारतातल्या अनुभवात आहे. तिकडे आरटीओच्या फॉर्म १ वर आपण सही करतो. त्यात फिट, चक्कर, बेशुद्धी येते का, रंग ओळखता येतात का, असे प्रश्न असतात आणि सगळ्यांपुढे ‘नाही-होय’ लिहून एजंटच कागद पुढे करतो. चाळिशीनंतर डॉक्टरांचा फॉर्म १-अ लागतो, तोही बहुतेकांना शिक्क्यापुरता आठवतो. एकदा लायसन्स हातात आलं की मधल्या काळात तब्येत बदलली तर कुणाला कळवायचं असतं, ही कल्पनाच आपल्याकडे रुजलेली नाही. ब्रिटनमध्ये ती जबाबदारी लायसन्सधारकाचीच आहे. १९८८च्या रोड ट्रॅफिक कायद्याप्रमाणे गाडी चालवण्यावर परिणाम करणारा आजार डीव्हीएलएला न कळवल्यास १००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो आणि त्या आजारामुळे अपघात झाला तर खटलाही. (इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडसाठी हे काम स्वान्सीची डीव्हीएलए करते. उत्तर आयर्लंडला डीव्हीए आहे, तिकडच्यांनी तिथेच कळवायचं.)

दुसरी गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण बहुतेक जण तिथेच अडकतात. डीव्हीएलएला कळवलं म्हणजे विमा कंपनीला कळलं असं होत नाही. विमा कंपनीला सांगितलं म्हणजे डीव्हीएलएला कळलं असंही नाही. दोन्हीकडे वेगवेगळं सांगायचं, आणि डीव्हीएलएचं आधी.

पायरी १: औषधाची पट्टी उलटी करून वाचा

फॉर्म शोधायच्या आधी हे करा. गोळीचं कंपनीने दिलेलं नाव सोडा, त्याखाली बारीक अक्षरात छापलेलं घटकांचं नाव वाचा.

भारतातून औषधं आणणाऱ्यांसाठी हे फार महत्त्वाचं आहे. आपल्याकडे एकाच गोळीत दोन-तीन औषधं असलेल्या गोळ्या सर्रास मिळतात. ‘मी फक्त मेटफॉर्मिनवर आहे’ असं म्हणणाऱ्या काकांची पट्टी पाहिली तर त्यावर ‘ग्लिमेपिराइड १ मिग्रॅ, मेटफॉर्मिन ५०० मिग्रॅ’ असं निघतं. मेटफॉर्मिन एकट्याने सहसा शुगर धोकादायक पातळीखाली नेत नाही. ग्लिमेपिराइड नेऊ शकतं. डीव्हीएलएच्या नजरेत या दोन औषधांत बराच फरक आहे, आणि काकांना आपण कुठल्या गटात आहोत याचा पत्ताच नसतो.

साध्या कार-मोटरसायकलच्या लायसन्ससाठी, म्हणजे ग्रुप १ साठी, हिशेब असा:

फक्त पथ्यावर असाल तर मधुमेहाबद्दल कळवायची गरज नाही. मेटफॉर्मिन, ग्लिप्टिन गटातल्या गोळ्या अशी शुगर एकदम न पाडणारी औषधं असतील तरी नाही.

ग्लिक्लाझाइड, ग्लिमेपिराइड यांसारख्या सल्फोनिलयुरिया गोळ्या किंवा रेपाग्लिनाइड घेत असाल (इथले जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, बहुधा ग्लिक्लाझाइड देतात), तर थोडं थांबून विचार करायचा. मागच्या बारा महिन्यांत जागेपणी एकापेक्षा जास्त वेळा ‘गंभीर हायपो’ (शुगर फार खाली जाणं, नेमका अर्थ पुढे सांगतो) झाला नसेल, एखादा झाला असेल तर त्याला तीन महिने उलटून गेले असतील, तुम्ही गरजेप्रमाणे शुगर तपासत असाल आणि डॉक्टरांकडे नियमित जात असाल, तर कळवायची गरज नाही. यातलं काही बसत नसेल तर कळवायचं.

इन्शुलिन घेत असाल तर कळवायचंच. टाइप १ असो वा टाइप २, दिवसातून एक इंजेक्शन असो वा चार. अपवाद तात्पुरत्या इन्शुलिनचा. उपचार तीन महिन्यांच्या आत संपणार असतील, किंवा गरोदरपणातल्या मधुमेहासाठी सुरू केलेलं इन्शुलिन बाळंतपणानंतर तीन महिन्यांच्या आत थांबणार असेल, तर कळवावं लागत नाही. ते त्यापुढे चाललं, तर लागतं.

औषध काहीही असलं तरी मधुमेहाने डोळ्यांवर किंवा पायांच्या नसांवर परिणाम केला असेल, तर तो वेगळा मुद्दा आहे. दोन्ही डोळ्यांवर लेझर झालं असेल, किंवा पायाला पेडलचा अंदाज येईनासा झाला असेल, तर फक्त पथ्यावर असलेल्या माणसानेही कळवायला हवं.

‘गंभीर हायपो’ म्हणजे नेमकं काय

शुगर ३.६ (भारतातल्या मीटरवर साधारण ६५) दाखवली, हात थरथरले, घाम आला, तुम्ही ग्लुकोजच्या गोळ्या चघळल्या आणि पाचदहा मिनिटांत बरं वाटलं, तर हा गंभीर हायपो नव्हे. तुम्हाला स्वतःला सावरता येत नव्हतं आणि दुसऱ्या माणसालाच हात घालावा लागला, तर तो गंभीर.

घरात नेहमी होणारा वाद यावरच असतो. बायको म्हणते, ‘त्या दिवशी मीच रस पाजला होता.’ नवरा म्हणतो, ‘मी स्वतः घेणारच होतो, तू आधी आणलास.’ इथे प्रश्न एवढाच आहे की तिने आणला नसता तर त्याने उठून घेतला असता का. घेतला असता, तर तो मोजायचा नाही. तो टेबलाकडे एकटक बघत होता, विचारलेल्याला भलतंच उत्तर देत होता आणि तिने ग्लास तोंडाला लावला, तर तो मोजायचा. हे ठरवताना घरच्यांचंच ऐकावं, कारण शुगर उतरलेल्या माणसाला आपण ठीक होतो असंच आठवतं.

रात्री झोपेत झालेला गंभीर हायपो कारच्या लायसन्ससाठी या मोजणीत धरत नाहीत. तरीही तो डायबेटिसच्या नर्सला सांगायचा, कारण शुगर उतरत असल्याचं शरीराकडून कळणंच बंद झालं असेल तर ते वेगळं आणि जास्त गंभीर आहे. बरीच वर्षं मधुमेह असलेल्यांमध्ये घाम, धडधड, भूक ही सूचनाच येईनाशी होते. असं झालं तर गाडी थांबवायची आणि डीव्हीएलएला कळवायचं. गाडी चालवत असताना एकदाही गंभीर हायपो झाला, तर दुसऱ्याची वाट न बघता कळवायचं.

पायरी २: डीव्हीएलएला कळवणं

गव्ह.यूके या सरकारी वेबसाइटवर हे ऑनलाइन करता येतं. पोस्टाने करायचं असेल तर कारच्या लायसन्ससाठीचा फॉर्म ‘डीआयएबी १’ उतरवून घ्या. बसायच्या आधी हे जवळ ठेवा: लायसन्सचा नंबर, जीपीचं नाव-पत्ता, हॉस्पिटलच्या डायबेटिस क्लिनिकमध्ये जात असाल तर तिथल्या डॉक्टरांचं नाव, इन्शुलिन कधी सुरू झालं ती तारीख, आणि आत्ताच्या औषधांची यादी. एनएचएस, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, अ‍ॅपमधून ही यादी काढता येते. भारतातल्या डॉक्टरांकडून चालू असलेली औषधं त्या यादीत नसतात. ती स्वतः लिहा. आणि जीपीला ती सांगितलेली नसतील, तर फॉर्मच्या आधी ते काम करा. डीव्हीएलए जीपीला विचारणार, आणि त्यांच्या नोंदीत ग्लिमेपिराइड नसेल तर तुमचं आणि त्यांचं उत्तर जुळणार नाही.

प्रश्न साधे असतात: शुगर उतरताना कळतं का, मागच्या बारा महिन्यांत गंभीर हायपो किती, गाडीच्या वेळी शुगर तपासता का, नजर कशी आहे, हातापायांत काही त्रास आहे का. त्यातच तुमच्या डॉक्टरांकडून माहिती घ्यायला संमती द्यायची असते. पोस्टाने पाठवताना सगळ्यात जास्त वेळा तीच सही राहते आणि मग महिनाभर कागद इकडून तिकडे फिरतात. भरलेल्या फॉर्मचा फोटो काढून ठेवा, आणि पोस्टाची पोच जपून ठेवा.

उत्तराला काही आठवडे लागतात, जीपीकडून माहिती यायला उशीर झाला तर काही महिनेही. या काळात गाडी चालवायची की नाही? पहिल्यांदाच कळवत असाल, तुमचं लायसन्स चालू असेल आणि डॉक्टरांनी ‘चालवू नका’ म्हटलेलं नसेल, तर सर्वसाधारणपणे चालवता येते. नूतनीकरणाच्या वेळी जुन्या लायसन्सची मुदत संपली आणि नवं अजून आलं नाही, अशी अडचण बहुतेकांना येते. त्यासाठी रोड ट्रॅफिक कायद्याचं कलम ८८ आहे. अर्ज डीव्हीएलएकडे पोचलेला असेल, डॉक्टरांच्या मते तुम्ही चालवायला योग्य असाल, लायसन्स वैद्यकीय कारणावरून रद्द किंवा नामंजूर झालेलं नसेल आणि तुम्ही जुन्या लायसन्सच्या अटी पाळत असाल, तर निर्णय येईपर्यंत चालवता येते, जास्तीत जास्त अर्जापासून एक वर्ष. या काळात विमा कंपनीला एक फोन करून ‘मी कलम ८८ खाली चालवतोय’ असं सांगा आणि त्यांचं उत्तर ईमेलवर मागून घ्या.

आता ज्याची भीती असते ते. इन्शुलिनवर असलेल्या, अटी पूर्ण करणाऱ्या माणसाला लायसन्स मिळतं, फक्त एरवीसारखं सत्तरीपर्यंत न मिळता एक, दोन किंवा तीन वर्षांसाठी मिळतं. मुदत संपताना पुन्हा तोच फॉर्म, आणि या नूतनीकरणाला पैसे पडत नाहीत. माझं स्वतःचं तीन वर्षांचं आहे. नूतनीकरणाचं पाकीट आलं की अर्ध्या तासाचा त्रास, बाकी काही नाही.

एखाद्याने खरोखरच गाडी थांबवायची वेळ आली, उदाहरणार्थ वर्षात दोन गंभीर हायपो झाले, तर रद्द होण्याची वाट न बघता लायसन्स स्वतःहून परत करावं असा माझा सल्ला. स्वतःहून परत केलेल्याला तब्येत सावरल्यावर नवा अर्ज टाकून, डॉक्टरांच्या होकाराने, कलम ८८ चा फायदा मिळू शकतो. डीव्हीएलएने रद्द केलेल्याला निर्णय हातात येईपर्यंत बसून राहावं लागतं. आणि डीव्हीएलएचा निर्णय चुकीचा वाटला तर इंग्लंड-वेल्समध्ये सहा महिन्यांच्या आत मॅजिस्ट्रेट कोर्टात अपील करता येतं. स्कॉटलंडमध्ये शेरिफ कोर्टात, पण तिथे मुदत फक्त २१ दिवस.

पायरी ३: विमा कंपनी

इथे कायदा ग्राहकाच्या बाजूने बराच आहे, पण तो माहीत असावा लागतो. २०१२च्या ग्राहक विमा कायद्याने, जो एप्रिल २०१३ पासून लागू झाला, जुनी पद्धत बदलली. आता आपणहून प्रत्येक गोष्ट ओळखून सांगायची जबाबदारी खासगी ग्राहकावर नाही. कंपनीने विचारायचं, आणि तुम्ही काळजीपूर्वक खरं उत्तर द्यायचं. विचारलेल्याला चुकीचं उत्तर दिलंत तर पुढचं तुमच्या हेतूवर ठरतं. मुद्दाम किंवा बेफिकिरीने खोटं सांगितलं असेल तर कंपनी पॉलिसी मुळापासून रद्द करून प्रीमियमही ठेवून घेऊ शकते. निष्काळजीपणे चुकलं असेल तर खरं कळलं असतं तेव्हा कंपनीने काय केलं असतं ते बघितलं जातं. जास्त प्रीमियम लावला असता, तर दावा त्या प्रमाणात कापतात.

म्हणून आधी प्रश्न नीट वाचा. तुलना करणाऱ्या वेबसाइट्सवर हा प्रश्न सहसा असा असतो: ‘तुम्हाला असा कोणता आजार किंवा अपंगत्व आहे का, जे डीव्हीएलएला कळवावं लागतं?’ खाली यादी उघडते. ‘नाही’, ‘डीव्हीएलएला माहीत आहे, कोणतंही बंधन नाही’, ‘डीव्हीएलएला माहीत आहे, मुदतीचं लायसन्स’, आणि कुठे कुठे ‘डीव्हीएलएला माहीत नाही’ अशा धर्तीचे पर्याय. फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्या आणि डीव्हीएलएला कळवायची गरज नसलेल्या माणसाने या प्रश्नाला ‘नाही’ म्हटलं तर ते खरं उत्तर आहे. इन्शुलिनवाल्याने मुदतीचं लायसन्स असलेला पर्याय निवडायचा.

काही कंपन्या मात्र नुसतं ‘तुम्हाला मधुमेह आहे का?’ किंवा ‘कोणताही दीर्घकालीन आजार?’ असं विचारतात. तिथे मेटफॉर्मिनवाल्यानेही ‘हो’च म्हणायचं. डीव्हीएलएचा नियम काय म्हणतो याचा त्या प्रश्नाशी संबंध नाही.

पॉलिसी घेतल्यावर येणाऱ्या कागदांत ‘स्टेटमेंट ऑफ फॅक्ट’ नावाचं एक पान असतं. आपण ते कधीच उघडत नाही. उघडा. तुम्ही दिलेली सगळी उत्तरं त्यावर छापलेली असतात, आणि आजाराच्या ओळीपुढे ‘नाही’ दिसत असेल तर ते तुमचंच उत्तर धरलं जातं, फोनवर कुणीतरी परस्पर भरलं असलं तरी. दरवर्षी आपोआप नूतनीकरण होणाऱ्या पॉलिसीत हे जास्त होतं: गाडी घेतली तेव्हा मधुमेह नव्हता, नंतर ग्लिक्लाझाइड आलं, मग इन्शुलिन, आणि पानावर अजून ‘नाही’च.

पॉलिसीच्या मध्यावर इन्शुलिन सुरू झालं तर पॉलिसीच्या पुस्तिकेत ‘आम्हाला कळवायचे बदल’ अशा अर्थाचा भाग शोधा. तब्येतीचा किंवा लायसन्सचा उल्लेख तिथे बहुतेक वेळा सापडतो. असेल तर लगेच कळवा, मुदतीचं लायसन्स हातात यायची वाट बघू नका. फोनवर चार गोष्टी सांगायच्या: इन्शुलिन कधीपासून, डीव्हीएलएला कधी कळवलं, गंभीर हायपो झालाय की नाही, आणि डॉक्टरांच्या मते चालवायला हरकत नाही. मग विचारा: यामुळे प्रीमियम बदलतो का, अ‍ॅडमिन फी लागते का. फोन ठेवताना लेखी मागा. ‘नोंद केली आहे’ हे बोलणाऱ्याचं वाक्य दाव्याच्या दिवशी उपयोगाला येत नाही.

प्रीमियम वाढवला तर? २०१०च्या इक्वॅलिटी कायद्याखाली मधुमेह बहुतेक वेळा अपंगत्वाच्या व्याख्येत बसू शकतो, आणि कंपनीला वेगळा दर लावायचा असेल तर तो विश्वासार्ह माहितीवर आधारलेला आणि वाजवी असावा लागतो. कारण विचारा. समाधान झालं नाही तर कंपनीकडेच लेखी तक्रार करा. आठ आठवड्यांत तोडगा निघाला नाही किंवा त्यांचं अंतिम उत्तर पटलं नाही, तर अशा तक्रारींचा निवाडा करणाऱ्या फायनान्शियल ऑम्बुड्समन सर्व्हिसकडे जा. ती ग्राहकाला मोफत आहे. अंतिम उत्तर आल्यापासून सहा महिन्यांच्या आत जायचं. पण आधी चार कंपन्यांचे दर बघून घ्या. बऱ्याच कंपन्या नीट ताब्यात असलेल्या मधुमेहाला एक पेनीही जास्त लावत नाहीत, आणि भांडण्यापेक्षा कंपनी बदलणं सोपं पडतं.

एक गैरसमज दोन्ही बाजूंनी ऐकला आहे: ‘मधुमेह लपवला तर अपघातात समोरच्यालाही पैसे मिळत नाहीत’ किंवा उलट ‘समोरच्याचं कंपनी भरतेच, मग आपल्याला काय.’ कायद्यातली सोय जखमी झालेल्या समोरच्यासाठी आहे. चालकाच्या शारीरिक स्थितीचं कारण देऊन कंपनी त्याची भरपाई टाळू शकत नाही. पण ती रक्कम नंतर तुमच्याकडून वसूल करायचा मार्ग कंपनीकडे असतो, आणि तुमच्या स्वतःच्या गाडीचे पैसे तर जातातच.

पॉलिसीवर बायको, मुलगा, वडील अशी दुसरी नावं असतील तर हेच प्रश्न त्यांच्यासाठीही विचारलेले असतात. फॉर्म भरणाऱ्याने त्यांना विचारून भरायचं.

पायरी ४: रोजची गाडी

कळवून झालं की काम संपलं असं इन्शुलिनवाल्यांचं होत नाही. लायसन्स मिळतं ते काही अटींवर, आणि अपघात झाला तर त्या पाळल्या होत्या का हे विचारलं जाऊ शकतं.

गाडी सुरू करण्याच्या दोन तासांच्या आत शुगर तपासायची आणि प्रवास चालू असताना दर दोन तासांनी. दोन तास धरायचे ते आधीच्या तपासणीपासून. म्हणजे नऊ वाजता तपासून साडेदहाला निघालात, तर अकराला पुन्हा तपासायचं. लेस्टरहून लंडनला गणपतीला निघालात तर वाटेत एक थांबा ठरलेला. शुगर ५ च्या वर असेल तर निघा. ५ किंवा त्याखाली असेल तर आधी काहीतरी खा. ४ च्या खाली असेल किंवा हायपोची लक्षणं असतील तर गाडी नाही.

भारतातून मीटर आणलेल्यांनी इथे सावध राहायचं. आपल्याकडचे मीटर मिलिग्रॅममध्ये आकडा दाखवतात, इथले मिलिमोलमध्ये. मिलिमोलला १८ ने गुणलं की आपला आकडा येतो: ५ म्हणजे ९०, ४ म्हणजे ७२. आईबाबांना ‘पाचच्या वर’ सांगून उपयोग नाही, ‘नव्वदच्या वर’ सांगा.

शुगर सतत मोजणारा सेन्सर दंडावर असेल तर तोही चालतो, कारच्या लायसन्ससाठी फेब्रुवारी २०१९ पासून. पण बोटाला टोचायचा मीटर गाडीत हवाच. सेन्सर ४ किंवा त्याखाली दाखवत असेल, लक्षणं जाणवत असतील, किंवा आकडा आणि तब्येत जुळत नसेल, तर टोचूनच खात्री करायची. आणि सेन्सरचा आकडा मोबाइलवर दिसतो म्हणून सिग्नलला फोन हातात घेऊ नका. हातात फोन घेतल्याचा दंड २०० पौंड आणि लायसन्सवर ६ पेनल्टी पॉइंट्स. इथली टेस्ट पास होऊन दोन वर्षं झालेली नसतील तर ६ पॉइंट्सना लायसन्सच जातं. आपल्यातल्या नव्या मंडळींचं मधुमेहापायी जाणार नाही ते लायसन्स मधुमेहाचा आकडा बघण्यापायी जाईल.

चालवताना शुगर उतरतेय असं वाटलं तर सुरक्षित जागी थांबा, इंजिन बंद करा, किल्ली काढा आणि चालकाच्या सीटवरून उठून दुसरीकडे बसा. चालकाच्या जागी किल्लीसकट बसलेला माणूस म्हणजे गाडीचा ताबा असलेला माणूस. मोटरवेवर ही आणीबाणी समजून हार्ड शोल्डरवर (कडेच्या आणीबाणीच्या पट्टीवर) थांबता येतं, पण सर्व्हिसेस (मोटरवेवरचा विश्रांतीचा थांबा) जवळ असतील आणि तोल सांभाळता येत असेल तर तिथे. मग १५ ते २० ग्रॅम पटकन लागू पडणारी साखर घ्या: ग्लुकोजच्या गोळ्या, संत्र्याचा रस किंवा साधी साखर. गाडीत पेढे ठेवणारे मी पाहिले आहेत. पेढ्यात, लाडवात, चॉकलेटमध्ये स्निग्ध पदार्थ असतात, त्यामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. ते नंतरसाठी. शुगर ५ वर आली तरी लगेच निघायचं नाही, त्यानंतर ४५ मिनिटं थांबायचं. आकडा सुधारला तरी मेंदू पूर्ण जागेवर यायला तेवढा वेळ लागतो.

उपासाचा विषय टाळून चालणार नाही. संकष्टीला चंद्रोदयानंतर सोडायचं व्रत घरी होतं म्हणून इथेही धरलं जातं. पण इथल्या उन्हाळ्यात संकष्टीचा चंद्र मध्यरात्रीच्या आसपास उगवतो. दिवसभर न जेवता ग्लिक्लाझाइड किंवा इन्शुलिन घेऊन सातला ऑफिसमधून गाडी चालवत घरी यायचं, हे गणपतीलाही पटणार नाही. उपास करायचाच असेल तर औषधाचं आदल्या आठवड्यात नर्सशी बोला, आणि त्या दिवशी ट्रेनने जा.

डोळ्यांच्या तपासणीच्या दिवशीही गाडी नाही. एनएचएसच्या डायबेटिक आय स्क्रीनिंगला बाहुली मोठी करायचे थेंब घालतात आणि काही तास सगळं पांढरं, धूसर दिसतं. एरवी नजरेची कसोटी म्हणजे २० मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता यायला हवी, गरज असेल तर चष्म्याने. स्क्रीनिंगच्या पत्रात ‘रेफर’ असं आलं तर पुढचा प्रश्न डॉक्टरांना स्वतः विचारा: मी चालवू का?

टॅक्सी, बस, लॉरी, आणि भारतातून आलेले पाहुणे

लॉरी किंवा बसचं, म्हणजे ग्रुप २ चं लायसन्स असेल, तर वरचा अर्धा भाग विसरा. मधुमेहाची कोणतीही गोळी सुरू झाली की कळवायचं, मेटफॉर्मिनसुद्धा. इन्शुलिनवर असलेल्यालाही हे लायसन्स मिळू शकतं, पण तपासणी कडक आणि दरवर्षी. टॅक्सीचं लायसन्स स्थानिक काउन्सिल देते आणि लंडनमध्ये टीएफएल (ट्रान्सपोर्ट फॉर लंडन). बऱ्याच ठिकाणी ग्रुप २ चेच वैद्यकीय निकष लावतात, त्यामुळे रात्री मिनीकॅब चालवणाऱ्यांनी डीव्हीएलएसोबत काउन्सिललाही विचारायचं. डिलिव्हरीची साधी व्हॅन, साडेतीन टनांपर्यंतची, ग्रुप १ मध्येच येते, मात्र तिचा विमा कामासाठीचा वेगळा असतो आणि तिथे प्रश्नही वेगळे.

भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून १२ महिने कार चालवता येते. पुढे इथलं प्रोव्हिजनल (शिकाऊ लायसन्स) काढून थिअरी आणि प्रॅक्टिकल द्यावी लागते, अदलाबदल होत नाही. प्रोव्हिजनलच्या अर्जातच तब्येतीचे प्रश्न असतात. इन्शुलिन तिथेच सांगायचं. ‘टेस्ट पास झालो की बघू’ हा हिशेब चुकीचा.

सुट्टीला आलेल्या वडिलांचं नाव थोड्या दिवसांसाठी पॉलिसीत घालायचं असेल तर कंपनी त्यांच्या लायसन्सबद्दल आणि तब्येतीबद्दल विचारते. त्यांची पट्टी पुन्हा एकदा उलटी करून वाचा, आणि फोन करताना त्यांना शेजारी बसवा. इथे स्थायिक झालेल्या आईवडिलांचं लायसन्स सत्तरीला संपतं आणि मग दर तीन वर्षांनी नव्याने घ्यावं लागतं. तेव्हा फॉर्ममध्ये मधुमेहाचं खरं लिहावं लागतं, डॉक्टरांचा शिक्का कुणी मागत नसलं तरी.

आणि दिवाळीला पुण्याला गेल्यावर भावाची गाडी घेऊन निघालात, तर तिथेही कायदा अगदीच गप्प नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८६ खाली, आपल्याला लोकांना धोका होईल असा आजार आहे हे माहीत असूनही गाडी चालवणं हा गुन्हा आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळेला १००० रुपयांपर्यंत दंड आहे. विमान उतरल्यावर पहिले दोन दिवस तर इन्शुलिनच्या आणि जेवणाच्या वेळा साडेचार-साडेपाच तासांनी सरकलेल्या असतात. त्या दोन दिवसांत गाडी भावालाच चालवू द्या.